छोट्या वाद्यवृंदासाठी साउंड सिस्टीम निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भावगीत-भक्तिगीतांचे ग्रुप, हळदी-संगीतात गाणारे पाच-सहा जणांचे ऑर्केस्ट्रा, गणेशोत्सवात आणि कोजागिरीला सोसायट्यांमधून कार्यक्रम करणारी मंडळी यांच्याकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. साधारण ५० ते ३०० श्रोत्यांचा कार्यक्रम डोळ्यांसमोर ठेवून उत्तरं दिली आहेत. डीजेचा सेटअप किंवा हजारोंची सभा हा वेगळा विषय आहे.

१. आमचा सहा जणांचा ग्रुप आहे. सिस्टीम म्हणजे नेमकं काय काय घ्यावं लागतं?

माइक आणि त्यांचे स्टँड, वाद्यांसाठी डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरच्या माइकच्या जागेला चालेल असा करणारी छोटी डबी), मिक्सर, श्रोत्यांकडे तोंड करून असलेले दोन मुख्य स्पीकर (यांना टॉप म्हणतात), कलाकारांना ऐकू यावं म्हणून मॉनिटर, आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या केबल. गरज पडली तर खर्जासाठी सब (सबवूफर). खरेदीच्या यादीत मॉनिटर, स्टँड आणि केबल नेहमी शेवटी राहतात आणि तोवर पैसे संपलेले असतात. म्हणून सुरुवातीलाच सांगते: गायकाला स्वतःचा आवाज नीट ऐकू आला नाही, तर समोर कितीही भारी स्पीकर असले तरी गाणं बेसूरच होणार. निवड करताना हा मुद्दा सगळ्यांत वर ठेवा.

२. स्वतःची सिस्टीम घ्यावी की दर वेळी भाड्याने आणावी?

महिन्यातून एखादाच कार्यक्रम असेल तर भाड्याचीच बरी. तिच्यासोबत चालवणारा माणूस येतो, टेम्पो येतो, बिघाड झाला तर ती त्याची जबाबदारी. दर आठवड्याला कार्यक्रम होऊ लागले की हिशोब बदलतो. गेल्या वर्षभरात भाड्यापोटी किती दिले ते वहीतून काढा आणि नव्या सिस्टीमच्या किमतीशी ताडून बघा. त्यात वाहतूक, ठेवायची जागा आणि ती कोण चालवणार हेही धरा.

मधला मार्ग अनेकांना मानवतो: माइक, डीआय, मिक्सर आणि मॉनिटर स्वतःचे, टॉप आणि सब भाड्याचे. गायकाला रोज तोच माइक आणि तोच मॉनिटर मिळतो आणि जड सामान उचलावं लागत नाही. मी बहुतेक ग्रुपना हेच सुचवते.

३. २०० माणसांसाठी किती वॉटची सिस्टीम लागेल?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि वॉटवरून त्याचं उत्तर मिळत नाही. खोक्यावर छापलेला आकडा बहुधा पीक वॉटचा असतो. सलग पेलण्याची ताकद त्याच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी असते. शिवाय वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला आवाज ‘दुप्पट’ वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. १००० वॉटच्या जागी २००० वॉटचा स्पीकर घेतला तर फरक जाणवेल, पण तेवढ्यासाठी किती पैसे मोजायचे ते तुम्हीच ठरवा.

त्याऐवजी माहितीपत्रकात ‘कमाल एसपीएल’ (स्पीकर जास्तीत जास्त किती मोठा आवाज देतो तो आकडा) शोधा. समजा तिथे १ मीटरवर १२६ डेसिबल लिहिलंय. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात. १ चे २ मीटर, २ चे ४, ४ चे ८, ८ चे १६: चार वेळा दुप्पट, म्हणजे २४ डेसिबल गेले. १६ मीटरवरच्या रांगेत शिल्लक राहिले १०२. पण हा टोकाचा आकडा आहे. संगीताची सरासरी पातळी टोकापेक्षा १० ते १५ डेसिबल खाली असते, म्हणजे तिथे साधारण ८७ ते ९२ मिळतील. भावगीतांच्या कार्यक्रमाला एवढं भरपूर होतं. लोक उठून नाचणार असतील तर कमी पडेल.

बंद हॉलमध्ये भिंतींवरून आवाज परतत असल्याने पातळी इतकी घसरत नाही. तिथली अडचण निराळी असते, ती प्रश्न १३ मध्ये पाहा.

४. अ‍ॅक्टिव्ह स्पीकर की पॅसिव्ह?

अ‍ॅक्टिव्ह. अ‍ॅम्प्लिफायर, क्रॉसओव्हर आणि संरक्षण देणारा लिमिटर हे सगळं स्पीकरच्या पोटातच, एकमेकांना जुळवून बसवलेलं असतं. पॅसिव्हमध्ये अ‍ॅम्प्लिफायर वेगळा, त्याची जुळणी तुमची, आणि कार्यक्रम रंगात आल्यावर कुणी आवाज रेटला की ट्विटर (वरचे स्वर वाजवणारा छोटा स्पीकर) जळण्याचा धोकाही तुमचाच. पॅसिव्हचा एक खरा फायदा आहे: प्रत्येक स्पीकरपाशी विजेची वायर न्यावी लागत नाही. पावसाळ्यात उघड्या मंडपात याला किंमत आहे. पण त्यासाठी सगळी सिस्टीम पॅसिव्ह घ्यावी असं मला वाटत नाही.

५. १० इंची, १२ इंची की १५ इंची?

गाण्याच्या ग्रुपला १२ इंची जोडी बहुतेक ठिकाणी पुरते. १० इंची हलके असतात आणि निवेदकाचे शब्द त्यांतून अगदी स्वच्छ येतात, पण डग्ग्याची घुमार आणि ऑक्टोपॅडचा किक त्यांना एकट्याने पेलत नाही. १० इंची टॉपसोबत एक सब ही जोडी छान जमते. १५ इंची खर्ज देतात, पण स्वस्त १५ इंचीमध्ये मोठा कोन (स्पीकरचा थरथरणारा पडदा) वरपर्यंतचे स्वर वाजवत राहतो आणि नेमका गळ्याचा भाग मळकट होतो.

दुकानात ऐकताना मोठ्या आवाजातलं चित्रपटगीत लावू नका, त्यावर सगळेच स्पीकर चांगले वाटतात. आपल्याच गायिकेचं, नुसत्या पेटीच्या साथीचं रेकॉर्डिंग न्या. ‘श’, ‘ष’, ‘स’ कानाला टोचतात का आणि ‘ध’, ‘भ’, ‘घ’ गढूळ होतात का, एवढंच ऐका. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली इथे शेजारी-शेजारी दुकानं असल्याने एकाच दुपारी तेच रेकॉर्डिंग अनेक स्पीकरवर ऐकता येतं.

६. सब घेणं गरजेचं आहे का?

तुमच्या ग्रुपात ऑक्टोपॅड, बेस गिटार किंवा तयार ट्रॅक असतील तर हो. तबला-पेटीच्या मैफलीला नाही. सब घेतलाच तर साधारण १०० हर्ट्झखालचं काम त्याच्याकडे द्या आणि टॉपवरचा हाय-पास (खालचे स्वर गाळणारा फिल्टर) चालू करा. टॉपवरचं ओझं उतरतं आणि गळा लगेच मोकळा होतो. गाणाऱ्यांचे माइक सबमध्ये जाऊ देऊ नका.

७. उभ्या कांबीसारखे कॉलम स्पीकर दिसतात. ते कसे?

बोस एल१, इलेक्ट्रो-व्हॉइस इव्हॉल्व्ह यांसारखे कॉलम स्पीकर आवाज आडवा रुंद आणि उभा अरुंद फेकतात. त्यामुळे छताकडे कमी आवाज जातो आणि पुढची व मागची रांग यांच्यातला फरक कमी होतो. घरगुती मैफल, हॉटेलचा बँक्वेट, १००-१५० श्रोते यांसाठी उत्तम. दोन फेऱ्यांत सगळं सामान गाडीतून उतरतं. मोकळ्या मैदानात किंवा ढोलकीवर लोक ठेका धरणार असतील तिथे मात्र यांची दमछाक होते.

८. मिक्सर किती चॅनेलचा घ्यावा?

आधी कागदावर मोजा. दोन गायक, एक निवेदक, पेटी १, तबला २, ढोलकी २, कीबोर्ड स्टिरिओ २, ऑक्टोपॅड स्टिरिओ २, गिटार १, लॅपटॉप स्टिरिओ २. झाले १५. कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि लॅपटॉप मोनो केले तर १२. दोन टॉप रंगमंचाच्या दोन टोकांना असताना बहुतेक श्रोत्यांना एकच बाजू ठळक ऐकू येते, त्यामुळे मोनोने फारसं बिघडत नाही. कीबोर्डचा मोनो काढताना ‘लेफ्ट/मोनो’ लिहिलेल्याच जागेतून काढा.

आता फसगत कुठे होते ते. मिक्सरच्या नावातला आकडा माइकच्या जागांचा नसतो. यामाहाच्या एमजी१२ मध्ये नावाला बारा चॅनेल आहेत, पण माइक लागतात सहा. एमजी१० मध्ये चार. बाकीच्या जागा स्टिरिओ लाइनसाठी. म्हणून दुकानात विचारायचं ते ‘कॅननच्या किती जागा?’ (कॅनन म्हणजे माइकच्या केबलचा तीन पिनांचा जोड) आणि लगेच दुसरा प्रश्न: ‘ऑक्स किती?’ प्रत्येक ऑक्स म्हणजे एक स्वतंत्र मॉनिटर-मिक्स. गायकाला पेटी हवी असते, ढोलकीवाल्याला गायक हवा असतो, आणि एकाच ऑक्सवर दोघांचं समाधान होत नाही.

म्हणूनच सहा जणांच्या ग्रुपला मी डिजिटल रॅक मिक्सर सुचवते. बेहरिंगरचा एक्सआर१८ किंवा मायडासचा एमआर१८ यांत माइकच्या १६ जागा आणि सहा ऑक्स मिळतात, सगळं टॅबलेटवरून चालतं आणि मागच्या कार्यक्रमाची मांडणी साठवून ठेवता येते. एक खबरदारी: अशा मिक्सरमध्ये आतच असलेल्या वायफायवर कार्यक्रम सोपवू नका. हॉल माणसांनी आणि मोबाइलनी भरला की टॅबलेटचा संपर्क तुटतो. बाहेरचा चांगला राउटर ५ गिगाहर्ट्झवर लावा आणि लॅपटॉपला नेटवर्क केबलने जोडून एक पर्याय हाताशी ठेवा.

९. गायकाला स्वतःचा आवाज ऐकूच येत नाही. मॉनिटर वाढवला की शिट्टी येते. काय करायचं?

प्रत्येक गायकापुढे स्वतंत्र मॉनिटर, ही पहिली गोष्ट. दोघांमध्ये एक ठेवला की तो दोघांच्याही कानापासून लांब राहतो आणि मोठा ठेवावा लागतो. दुसरी गोष्ट जागेची. शूअर एसएम५८ किंवा सेनहायझर ई८३५ हे कार्डिऑइड माइक बरोबर पाठीमागून सगळ्यांत कमी ऐकतात, म्हणून मॉनिटर सरळ माइकच्या शेपटीच्या दिशेत, गायकाच्या समोर. बीटा ५८ए किंवा ई८४५ हे सुपरकार्डिऑइड. त्यांना बरोबर मागचं थोडं ऐकू येतं आणि मागच्या दोन्ही बाजूंना तिरकं सगळ्यांत कमी ऐकू येतं. तिथे मॉनिटर समोरून हटवून एका बाजूला तिरका ठेवायचा. माइक बदलला आणि मॉनिटर तिथेच राहिला, म्हणून कालपर्यंत न येणारी शिट्टी आज येते.

तिसरी गोष्ट मॉनिटरमध्ये काय द्यायचं याची. बैठकीत मॉनिटर जमिनीवर मांडीजवळ असतो, कान वर असतात. तो तिरका करून कानाकडे वळवा, नाहीतर गायकाच्या गुडघ्यांना ऐकवल्यासारखं होतं. त्यात गळा आणि आधाराचा स्वर द्या: पेटी किंवा तानपुरा. रिव्हर्ब (मिक्सरमधून दिलेला कृत्रिम घुमारा) देऊ नका, किंवा अगदी नावाला द्या. मॉनिटरमधल्या रिव्हर्बमुळे सुराची कड बोथट होते आणि गायक जोर लावू लागतो.

एवढं करूनही भागत नसेल तर इन-इअर, म्हणजे कानात घालायचे मॉनिटर. सुरुवातीला तारेचे घेतले तरी चालतात. बसून गाणाऱ्याला तारेची काहीच अडचण नसते.

१०. माइक सारखा शिट्टी मारतो. इक्वलायझर घेतला की थांबेल का?

इक्वलायझर शेवटी. आधी हे:

माइक तोंडाजवळ. अंतर निम्मं केलं की माइकला आवाज ६ डेसिबल जास्त मिळतो, तेवढा गेन (मिक्सरवर माइकचा सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) कमी करता येतो. टॉप गायकाच्या आणि माइकच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला; गायकाच्या पाठीमागे कधीही नाही. जाळीभोवती मूठ आवळायची नाही, त्याने माइक चहूबाजूंनी ऐकू लागतो आणि हमखास शिट्टी येते. गात नसलेल्याचा माइक बंद. उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टीआधीची मोकळीक ३ डेसिबलने घटते. निवेदकाचा माइक गाणं चालू असताना उघडा राहणं ही आपल्याकडची फार सर्रास दिसणारी गोष्ट आहे.

हे सगळं केल्यावर, लोक यायच्या आधी, एकेक मॉनिटर हळूहळू वाढवत न्या. पहिला स्वर घुमू लागला की तो इक्वलायझरवर शोधून ३ ते ६ डेसिबल खाली घ्या. असे दोन-तीन स्वर काढले की थांबा. त्यापुढे कापत गेलात तर गळ्यातलाच जीव जातो.

११. तबला, ढोलकी आणि पेटीला कोणते माइक लावावेत?

तबल्याला दोन माइक, शूअर एसएम५७ सारखे डायनॅमिक, छोट्या स्टँडवर. तबल्याचा माइक चाटेच्या बाजूने, चामड्यापासून चार-पाच बोटं वर. डग्ग्याचा शाईपासून जरा बाजूला, हाताला अडणार नाही असा. तबल्याच्या चॅनेलवर हाय-पास लावा, डग्ग्याच्या चॅनेलवर लावू नका. एकच माइक परवडत असेल तर दोघांच्या मधे, थोडा डग्ग्याकडे झुकलेला. ढोलकीला दोन्ही तोंडांना एकेक. शाईचं तोंड जास्त महत्त्वाचं, कडक थाप आणि बोल तिथूनच येतात.

पेटीचा माइक भात्याच्या मागे ठेवला की हवेचा फुसफुसाट आणि लाकडाची खटखट येते. पट्ट्यांच्या वर, वीतभर अंतरावर, सुरांच्या भोकांकडे बघणारा ठेवा. कंडेन्सर माइक असेल तर मिक्सरवर ४८ व्होल्टचं फँटम (केबलमधूनच माइकला मिळणारी वीज) चालू करावं लागतं. ते चालू-बंद करताना चॅनेल म्यूट ठेवा, नाहीतर टॉपमधून मोठा ठोका येतो.

१२. कॉर्डलेस माइक घ्यावेत का? आणि कीबोर्ड, लॅपटॉप जोडला की घरघर का येते?

निवेदक आणि फिरत गाणारा गायक सोडून बाकी सगळे तारेचे घ्या. त्याच पैशांत तारेचा माइक कितीतरी चांगला मिळतो. २.४ गिगाहर्ट्झवाले स्वस्त कॉर्डलेस वायफाय आणि ब्लूटूथच्याच पट्ट्यात चालतात, त्यामुळे रिकाम्या हॉलमध्ये तपासताना ठणठणीत आणि लोक आल्यावर तुटक. ट्रॅकसुद्धा ब्लूटूथवरून वाजवू नका.

घरघर बहुधा अर्थिंगच्या फेऱ्यामुळे येते: लॅपटॉपचा चार्जर एका बोर्डावर, मिक्सर दुसऱ्यावर. दोन्ही एकाच बोर्डावर घ्या आणि मधे ट्रान्सफॉर्मरचा पॅसिव्ह डीआय लावून त्याचा ‘ग्राउंड लिफ्ट’ दाबा. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा उपाय कुणी सुचवला तर ऐकू नका. घरघर थांबते, पण बिघाड झाला तर वीज माइकच्या जाळीतून गायकाच्या ओठांपर्यंत येऊ शकते.

१३. मंगल कार्यालयात आवाज खूप आहे, पण शब्दच कळत नाहीत. सिस्टीम बदलावी का?

बदलून काही होणार नाही. फरशी, काच आणि उंच स्लॅब यांवरून आवाज परतत राहतो आणि पुढचा शब्द मागच्या शब्दाच्या शेपटावर पडतो. आवाज वाढवला की परतणाराही तितकाच वाढतो. टॉप श्रोत्यांच्या जवळ आणा, डोक्यांच्या वर उंच करून खाली झुकवा, मागच्या भिंतीवर थेट मारा होणार नाही असं बघा. माणसांच्या अंगावर पडलेला आवाज शोषला जातो. मिक्सरवरचा रिव्हर्ब बंद, गळ्याच्या चॅनेलवर १०० हर्ट्झच्या आसपास हाय-पास, आणि एकूण पातळी खाली.

लांबट हॉलमध्ये मध्यावर आणखी दोन छोटे स्पीकर लावले तर त्यांना विलंब द्यावा लागतो, दर मीटरला साधारण ३ मिलिसेकंद. पुढच्या टॉपपासून ते २० मीटरवर असतील तर सुमारे ५८ मिलिसेकंद. हे केलं नाही तर मागे बसलेल्यांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो.

१४. मंडपातल्या विजेवर सामान लावताना काय बघायचं?

मल्टिमीटर सोबत असूच द्या. काहीही जोडण्याआधी बोर्डावर तीन मापं घ्या: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. पहिली दोन जवळपास सारखी आणि २३० व्होल्टच्या आसपास हवीत, तिसरं दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त नको. मंडपात थ्री-फेज जोडणी असते आणि न्यूट्रल सैल असेल तर एखाद्या फेजवर व्होल्टेज ४०० च्या दिशेने चढतं. अशा वेळी आधी मिक्सरच जातो. माप चुकीचं आलं तर मंडळाचे कार्यकर्ते कितीही घाई करोत, वायरमन येऊन दुरुस्त करेपर्यंत जोडू नका. लायटिंग दिलेल्या बोर्डावरून साउंड घेऊ नका.

चालू करताना मिक्सर आधी, टॉप शेवटी. बंद करताना उलट.

१५. किती वाजेपर्यंत आणि किती मोठ्याने वाजवता येतं? दिवाळी पहाटचं काय?

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. दिवसाही पोलिसांची लेखी परवानगी लागते. ठरावीक सणांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. त्या दिवसांची यादी आपल्या जिल्ह्यात तपासा. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४०.

दिवाळी पहाटेला इथेच अडचण होते. सूट मिळते ती रात्री १० ते १२ या वेळेची, पहाटेची नाही. मैदानात किंवा बागेत पाच वाजता सुरू होणारा कार्यक्रम निषिद्ध वेळेतच येतो. सहानंतर सुरू करा किंवा बंद नाट्यगृह घ्या. आवाज आतल्या आतच राहणार असेल तर बंद सभागृहाला रात्रीची ही बंदी लागू नाही. साउंड चेकही सहाच्या आत उघड्यावर करता येणार नाही, म्हणून तो आदल्या संध्याकाळी उरका.

१६. पैसे थोडे आहेत. आधी काय घ्यावं?

गायकांचे माइक, मग चांगल्या केबल आणि स्टँड, मग मॉनिटर, मग मिक्सर, टॉप, सगळ्यांत शेवटी सब. तोवर टॉप भाड्याने (प्रश्न २). माइक आणि मॉनिटर घेताना प्रत्येक गायकाने स्वतः गाऊन बघावं, कारण एकाच्या गळ्याला खुलवणारा माइक दुसऱ्याच्या गळ्याला नाकातला करतो.

१७. जुनी सिस्टीम स्वस्तात मिळतेय. काय तपासू?

स्पीकर बंद असताना कोनवर दोन्ही बाजूंनी बोटांनी हलका, सारखा दाब द्या. खरखर लागली तर कॉइल घासतेय. मग नुसता सूं आवाज येईल इतका व्हॉल्यूम ठेवून ट्विटरला कान लावा, शांत असेल तर तो गेलेला आहे. मिक्सरचा प्रत्येक फेडर हळू वर-खाली करा आणि प्रत्येक जागेत माइक लावून बोला. अ‍ॅक्टिव्ह स्पीकर निदान अर्धा तास वाजवत ठेवा. गरम झाल्यावर बंद पडणारे अ‍ॅम्प पहिल्या पाच मिनिटांत कळत नाहीत.

१८. आम्हाला अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळाचं बोलावणं आहे. आपली सिस्टीम न्यावी का?

टॉप आणि सब तिथेच भाड्याने घ्यायला सांगा. तिथे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ वीज आहे. काही नवी उपकरणं १०० ते २४० व्होल्टवर आपोआप चालतात, काही चालत नाहीत. मागच्या पट्टीवर काय छापलंय ते वाचल्याशिवाय लावू नका. कॉर्डलेस शक्यतो नेऊच नका: ६०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला मोठा भाग तिथे मोबाइल सेवेला दिला गेला असून जुलै २०२० पासून वायरलेस माइकना तो बंद आहे. तारेचे माइक, तबल्याचे छोटे स्टँड, डीआय आणि रॅक मिक्सर चालणार असेल तर तो, एवढं सोबत घ्या. महिनाभर आधी चॅनेलची यादी आणि रंगमंचावर कोण कुठे बसणार याचं चित्र आयोजकांना पाठवा. त्यात बैठक जमिनीवर आहे आणि छोटे स्टँड लागतील हे ठळक लिहा, कारण तिथले साउंडवाले उभ्या गायकांच्या हिशोबाने उंच स्टँड आणतात.